'त्याच्या भल्यासाठीच मारलं': हा बचाव शाळेतून आणि कायद्यातून कसा काढायचा

शाळेत मार बसलेल्या मुलाचे आईवडील माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांचा प्रश्न एकच असतो. "मॅडम, मारायला कायद्यानं बंदी आहे ना? मग सर सुटतात कसे?" मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते आणि तालुका विधी सेवा समितीच्या पॅनेलवर आहे, त्यामुळे गावोगावच्या शिबिरांतही हाच प्रश्न कानावर येतो. बंदी एका कायद्यात आहे आणि सुटायची वाट दुसऱ्या कायद्यात, हे त्याचं उत्तर. ती वाट कुठून जाते हे कळलं तर पालक म्हणून तुम्ही तिचा बराचसा भाग स्वतः बुजवू शकता. उरलेला भाग विधिमंडळाने आणि संसदेने बुजवायचा आहे, आणि त्यासाठी त्यांच्या मागे लागावं लागेल. दोन्ही कामं कशी करायची ते इथे लिहिते आहे.

आधी ती वाट नीट बघा

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याचं कलम १७ सांगतं की कोणत्याही बालकाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक छळ करता येणार नाही, आणि जो करील त्याच्यावर सेवा नियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होईल. वाक्य स्वच्छ आहे. पण कारवाई खात्यातली आहे, फौजदारी नाही.

फौजदारी बाजू भारतीय न्याय संहितेत येते. १ जुलै २०२४ पासून ती लागू झाली आणि भारतीय दंड संहिता गेली, पण जुन्या संहितेचं कलम ८९ तसंच्या तसं नव्या संहितेत कलम २७ म्हणून येऊन बसलं. बारा वर्षांखालच्या मुलाच्या हितासाठी, सद्भावनेने, त्याच्या पालकाने किंवा पालकाच्या संमतीने केलेल्या कृत्यातून इजा झाली तरी तो गुन्हा ठरत नाही, असं ते म्हणतं. ही संमती 'स्पष्ट किंवा गर्भित' (न बोलता गृहीत धरलेली) चालते. पालकाच्या जागी 'कायदेशीर ताबा असलेली अन्य व्यक्ती'ही चालते. जीव घेण्याचा हेतू असेल किंवा जाणूनबुजून गंभीर दुखापत केली असेल, तर हे संरक्षण मिळत नाही (जीव वाचवण्यासाठी केलेल्या उपचारांसारखे प्रसंग सोडून). त्याखालचं सगळं, म्हणजे थप्पड, वळ, सुजलेले पंजे, या कलमाच्या आडोशाला नेता येतं.

या कलमाखाली कायद्यानेच एक उदाहरण दिलंय, ते मी प्रत्येक शिबिरात वाचून दाखवते. बाप आपल्या मुलाचा मुतखडा काढण्यासाठी शल्यवैद्याकडून शस्त्रक्रिया करवतो, मुलाची संमती नसते, जिवाला धोका असतो, तरी बाप गुन्हेगार नाही, कारण मुलगा बरा व्हावा हा त्याचा हेतू. कलम शस्त्रक्रियेसाठी होतं. छडी त्यात नंतर घुसवली गेली.

कशी, तर संमतीच्या दारातून. १९४९च्या विधी अहवालात, म्हणजे कोर्टाच्या निकालांच्या छापील संग्रहात, मुंबई उच्च न्यायालयाचा एक निकाल छापलेला आहे. एका मुख्याध्यापकाने पंधरा वर्षांच्या मुलाला छड्या मारल्या होत्या. मुलाला शाळेत घातलं म्हणजेच शिस्तीसाठीच्या माफक शिक्षेला पालकाने संमती दिली असं धरायचं, असा तिथला विचार (मुलगा बाराच्या वरचा असला, तरी गर्भित संमतीचं दार तेच). त्याच्याही मागे जायचं तर १८६० सालच्या इंग्लंडमध्ये जावं लागतं. ईस्टबोर्न गावात टॉमस हॉप्ली नावाच्या शाळाचालकाने आपल्याकडे ठेवलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला इतकं मारलं की तो मेला. मारण्याआधी त्याने मुलाच्या वडिलांना पत्र लिहून परवानगी मागितली होती, आणि वडिलांनी ती दिली होती. हॉप्लीला चार वर्षांची शिक्षा झाली. पण त्याच खटल्यात न्यायाधीशांनी सांगून ठेवलं की पालक किंवा शिक्षक 'माफक आणि वाजवी' शिक्षा करू शकतो. ते 'वाजवी' तिथून जगभर पसरलं. आपली दंड संहिताही त्याच साली, १८६० मध्ये मंजूर झाली.

म्हणून माझं पहिलं सांगणं संमतीबद्दल आहे. शाळेच्या पहिल्या दिवशी "गुरुजी, मारा, पण शिकवा" असं प्रेमाने म्हणणारे बाप आपल्याकडे आजही आहेत. त्यांच्या तोंडून निघतो तो विश्वास, हे मला माहीत आहे. कोर्टात मात्र तेच वाक्य आरोपीच्या वकिलाच्या हाती सापडतं.

जूनमध्ये एक पत्र द्या

शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापकांना लेखी कळवा. साध्या कागदावर, दोन प्रतींत. मजकूर असा चालेल:

*विषय: माझ्या पाल्यास शारीरिक अथवा मानसिक शिक्षा करण्यास संमती नसल्याबाबत.*

*महोदय, माझी मुलगी/माझा मुलगा (नाव) आपल्या शाळेत इयत्ता (…) मध्ये शिकत आहे. अभ्यास, गैरहजेरी, उशीर, मस्ती अथवा अन्य कोणत्याही कारणासाठी त्यास मारणे, चिमटे घेणे, कान पिळणे, अंगठे धरायला लावणे, उठाबशा काढायला लावणे, बाकावर किंवा उन्हात उभे करणे, खोलीत कोंडणे, तसेच जात, रंग, घरची परिस्थिती यांवरून अपमान करणे, यांस पालक म्हणून माझी स्पष्ट अथवा गर्भित, कोणत्याही स्वरूपाची संमती नाही. पूर्वी तोंडी तशी संमती दिली गेली असल्यास ती या पत्राने मागे घेत आहे. पाल्याच्या वागण्याबाबत काही अडचण आल्यास मला या क्रमांकावर कळवावे, मी शाळेत येऊन आपल्याशी बोलेन. पत्राची पोच मिळावी.*

दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. "याची काय गरज, आमच्याकडे कुणी मारत नाही" असं म्हणून पत्र परत दिलं, तर स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा.

शेवटून दुसरं वाक्य गाळू नका. शिक्षकाला वाटू नये की आपल्या हातातली छडी काढून घेऊन आपल्याला एकटं सोडलं. द्विशिक्षकी शाळेत दोन-दोन वर्ग एकत्र बसवून, वर ऑनलाइन माहिती भरणारा शिक्षक मी रोज बघते. मुलाच्या वागण्याचं ओझं अर्धं आपण उचलणार, हे पत्रातच लिहून द्यायचं.

हे पत्र म्हणजे पूर्ण संरक्षण नव्हे. शाळेच्या वेळेत मूल माझ्या कायदेशीर ताब्यात होतं, असा दावा शिक्षक करू शकतो. तरीही गर्भित संमतीचा मुद्दा या कागदाने जागेवर संपतो. आणि व्यवहारात त्याचा जास्त मोठा उपयोग वेगळाच होतो: वर्गात कुणाच्या घरून असं पत्र आलंय हे शिक्षकखोलीत सगळ्यांना कळतं.

एकट्याने पत्र द्यायला संकोच वाटत असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत ठराव मांडा. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, तेव्हा ठराव अडण्याचं कारण नाही. मोघम ठराव मात्र टाळा. 'शाळेत शिस्तीसाठी मारहाण होऊ नये' एवढंच लिहिलेलं कुणाला बांधत नाही. ठरावात हे असू द्या: काय काय बंद, तक्रार पेटी कुणासमोर आणि कोणत्या दिवशी उघडायची, तक्रार आली तर किती दिवसांत समितीपुढे ठेवायची. सूचक, अनुमोदक, सह्या. मग त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना.

'काय काय बंद' लिहिताना राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाची मार्गदर्शक तत्त्वं कामाला येतात. त्यांत फटके, लाथा, केस ओढणं तर आहेच, शिवाय बाकावर उभं करणं, भिंतीला टेकून खुर्चीसारखं बसवणं, डोक्यावर दप्तर घेऊन उभं करणं, पायांखालून हात घालून कान धरायला लावणं, गुडघ्यांवर बसवणं, शौचालयात कोंडणं, हेही आहे. अंगाला हात न लावता केलेली शिक्षा ही शिक्षाच नव्हे, असा समज आपल्याकडे पक्का आहे. तो ठरावातच मोडून काढा.

मारलं, तर पहिले दोन दिवस

इथे सावकाश वाचा, कारण केसेस बहुतेक इथेच जिंकल्या-हरल्या जातात.

मुलाला जवळ बसवा आणि एकदाच विचारा, "काय झालं?" पुढचे प्रश्न विचारू नका, शब्द पुरवू नका, नातेवाइकांपुढे पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. ते जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत, त्याच्याच बोलीत लिहून ठेवा, खाली तारीख-वेळ टाका. साक्ष द्यायला वयाची अट नाही. प्रश्न समजून उत्तर देता आलं की पुरे. पण घोकून घेतलेली साक्ष उलटतपासणीत दोन मिनिटांत उघडी पडते.

फोटो काढा. उजेडात, मोबाइलची तारीख दिसेल असे, आधी चेहरा आणि जखम एकत्र दिसणारा एक, मग जवळून, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा काढा. वळ पहिल्या दिवशी पुसट असतो, नंतर काळानिळा होतो, मग हिरवट, पिवळट. हे फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. पीडित बालकाची ओळख उघड करायला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ने मनाई आहे, आणि मुलाला उद्या त्याच गावातून शाळेत जायचं आहे.

त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात जा आणि एमएलसी (पोलीस-कोर्टासाठीची वैद्यकीय नोंद) करून मागा. "पडली" असं सांगून गोळ्या घेऊन परत येऊ नका. शिक्षकाने मारलं, कशाने मारलं, हे डॉक्टरांना सांगा आणि ते केसपेपरवर येतंय ना ते बघा. माझ्याकडे आलेली चौथीतली एक मुलगी सांगते. तिच्या दोन्ही पोटऱ्यांवर निरगुडीच्या फोकाचे वळ होते. शाळेचं म्हणणं, ती घसरगुंडीवरून पडली. डॉक्टरांनी मात्र नीट बघून लिहिलं होतं: दोन समांतर लाल रेघा, मधली पट्टी फिकी. छडी, फोक अशी गोल, बारीक वस्तू जोरात लागली की कातडीवर असाच ठसा उमटतो. पडून असा उमटत नाही. घसरगुंडीची गोष्ट तिथेच संपली. डॉक्टरांना फक्त 'जखमेचं वर्णन जरा सविस्तर लिहा' एवढी विनंती करा. कानाखाली मारलं असेल तर कान तपासायला सांगाच. पडद्याला इजा झाली असली तरी मूल ते बोलून दाखवत नाही. टीव्ही मोठ्याने लावायला लागतं, तेव्हा घरच्यांच्या लक्षात येतं.

तक्रार अशी लिहा

"सरांनी माझ्या मुलास अमानुष मारहाण केली, तरी त्यांच्यावर कडक कारवाई व्हावी." असे अर्ज मी ढिगाने वाचलेत. त्यात राग आहे, माहिती नाही. असं लिहा: कोणत्या तारखेला, कोणत्या तासाला (मधल्या सुट्टीआधी की नंतर), कोणत्या कारणावरून, कशाने, शरीराच्या कोणत्या भागावर, वर्गात त्या वेळी कोण होतं, मूल घरी कसं आलं, दवाखान्यात कधी नेलं. कारण लपवू नका. मुलाने शेजारच्याला मारलं होतं, वही आणली नव्हती, शिवी दिली होती, जे असेल ते स्पष्ट लिहा. कलम १७ मध्ये 'योग्य कारण असेल तर चालेल' असा अपवाद कुठेही नाही; मुलाची चूक मान्य केल्याने तुमची तक्रार कमजोर होत नाही, विश्वासार्ह होते.

शेवटी दोन वाक्यं न चुकता घाला. एक: "अशा शिक्षेस माझी कधीही संमती नव्हती, तसे दि. (…) च्या पत्राने शाळेस कळवले होते." दोन: "शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम १७ ने मनाई असलेले कृत्य सद्भावनेने केले असे म्हणता येणार नाही."

या दुसऱ्या वाक्यावर माझा फार भर असतो. योग्य काळजी आणि लक्ष देऊन केलेलं नसेल ते सद्भावनेचं नाही, असं न्याय संहितेनेच सांगितलंय. संसदेने मनाई केलेली गोष्ट पगारी शिक्षक करतो, तेव्हा काळजी घेतली कुठे? शिवाय आपण अपवादात बसतो हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर असते, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे. आणि मुलाचं वय बारा पूर्ण असेल तर कलम २७ लागूच होत नाही. सातवी-आठवीच्या मुलांच्या केसमध्ये हे सुरुवातीलाच सांगा. जन्मतारखेचा दाखला अर्जाला जोडायचा तो यासाठी.

अर्ज कुणाकडे? जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी मुख्याध्यापक आणि गटशिक्षणाधिकारी, खाजगी अनुदानित-विनाअनुदानित शाळेसाठी संस्थेचे सचिव आणि शिक्षणाधिकारी, आश्रमशाळेसाठी प्रकल्प अधिकारी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत, दोन्ही बाजू ऐकून, निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही तर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. अर्जावर 'कलम ३२ अन्वये' असं ठळक लिहा, नाहीतर तो नुसता निवेदनांच्या गठ्ठ्यात जातो. महिना उलटला तरी हालचाल नसेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका: माझ्या अमुक क्रमांकाच्या तक्रारीवर केलेल्या कार्यवाहीच्या टिप्पणीची प्रत द्यावी. मूल फार घाबरलं असेल किंवा वसतिगृहात असेल तर १०९८ या मुलांच्या मदतवाहिनीवर फोन करा, आणि बाल कल्याण समितीला कळवा.

पोलिसांत जायचं असेल तर तिथे काय ऐकायला मिळेल ते आधीच सांगते: "एनसी होईल, एफआयआर नाही." साधी दुखापत, न्याय संहितेचं कलम ११५(२), खरंच अदखलपात्र आहे, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत, फक्त एनसी नोंदवतात. बाल न्याय अधिनियमाचं कलम ७५, मुलाचा ताबा असलेल्याने केलेली क्रूरता, हे या विषयातलं सगळ्यात नेमकं कलम. एरवी शिक्षा तीन वर्षांपर्यंत, आणि मुलं सोपवलेल्या संस्थेतल्या कर्मचाऱ्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. पण २०२१च्या दुरुस्तीने या कायद्यातले तीन ते सात वर्षांच्या शिक्षेचे गुन्हे अदखलपात्र केले. मला ही दुरुस्ती मुलांवर अन्याय करणारी वाटते. तरी हताश होऊ नका. एनसी नोंदवून प्रत घ्या, मग दंडाधिकाऱ्यांकडे तपासाच्या आदेशासाठी अर्ज करा, किंवा थेट खाजगी फिर्याद द्या. विधी सेवा समितीकडून मुलांना वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हाड मोडलं, दात पडला, कानाने कायमचं ऐकू येईनासं झालं, तर मात्र ती गंभीर दुखापत, दखलपात्र. तिथे एफआयआर घ्यायलाच लागते. जातीवरून शिवी दिली असेल तर ॲट्रॉसिटीचं कलम वेगळं, तेही अर्जात आलंच पाहिजे.

चौदा वर्षांवरची मुलं, बालवाडी, खाजगी क्लास, मदरसे आणि वेदपाठशाळा शिक्षण हक्क कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. अल्पसंख्याक शाळांना तो कायदा लागू नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये म्हटलंय. या सगळ्या ठिकाणी कलम ७५ हाच आधार. त्यात अठराच्या आतलं प्रत्येक मूल येतं.

तडजोडीची बैठक

ती होणारच. मुख्याध्यापकांच्या खोलीत सरपंच, संस्थेचे कुणी, शेजारचा ओळखीचा शिक्षक, आणि मधोमध तुम्ही. "पोरगं तुमचंच नाही, आमचंबी हाय." "सरांच्या घरी लग्न आहे." "उद्या दाखल्याला अडचण येईल." शेवटचं वाक्य धमकीचं आहे आणि ते पोकळ आहे. शाळा सोडल्याचा दाखला अडवता येत नाही, आणि आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढताही येत नाही.

बैठकीला एकटं जाऊ नका आणि मुलाला नेऊ नका. समेटाला माझा विरोध नाही. शिक्षकाची नोकरी जावी अशी बहुतेक आयांची इच्छाही नसते. फक्त समेट लेखी करा. काय घडलं याची शिक्षकाने दिलेली कबुली, पुन्हा न करण्याची हमी, ते मूल पुढे कोणाच्या वर्गात बसेल, आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत विषय ठेवण्याचं मान्य, इतकं त्या कागदावर असू द्या. कबुलीऐवजी 'गैरसमज झाला होता' हे शब्द आले तर सही करू नका.

घरात

शिबिरात इथे बायका गप्प होतात. कलम २७ सगळ्यात आधी पालकालाच संरक्षण देतं, आणि घरात मारायला आपल्या देशात थेट बंदी नाही. "उद्या बंदी आली तर मी पोराला एक धपाटा दिला म्हणून मला आत टाकणार का?" नाही. क्षुल्लक इजेला गुन्हा मानायचा नाही, असं न्याय संहितेचं कलम ३३ आधीपासून सांगतं, आणि ते कुणी काढा म्हणत नाही. स्वीडनने १९७९ मध्ये जगात पहिल्यांदा घरातली मारहाणही बंद केली, ती पालकांच्या कर्तव्यांच्या कायद्यात, वेगळी शिक्षा न ठेवता. आणि लोकांना कळावं म्हणून सरकारने दुधाच्या खोक्यांवर माहिती छापली. घराघरात सकाळी दूध ओतताना आई, बाप, मुलं सगळ्यांनी ती वाचली. नेपाळने २०१८ मध्ये बंदी आणली. कायद्यातला 'वाजवी शिक्षे'चा बचाव स्कॉटलंडने २०२० मध्ये आणि वेल्सने २०२२ मध्ये काढून टाकला. इंग्लंडमध्ये, जिथून तो आला, तिथे तो अजून शिल्लक आहे.

घरापुरतं मी एवढंच सांगते: शाळेला दिलेल्या पत्राची एक प्रत घरात सगळ्यांना वाचून दाखवा. जे शाळेत चालणार नाही असं आपण लिहून दिलं, ते घरी चालतं का, हे मुलं विचारतातच.

आता कायदा

गोव्याने २००३च्या बाल कायद्यात शाळांतली शारीरिक शिक्षा बंद केली. तरी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा पीठाने दोन लहान बहिणींना मारल्याच्या खटल्यात शिक्षिकेला निर्दोष सोडलं, आणि शिस्तीसाठी मुलाला थोडं कडक वागवणं हा गुन्हा होत नाही, अशा आशयाचं निरीक्षण नोंदवलं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००० सालीच शाळांच्या नियमांतली छडी घटनाबाह्य ठरवली होती. म्हणजे कोणत्या कोर्टात, कोणापुढे केस लागते यावर मुलाचं संरक्षण ठरतं. हे संपवायचं तर मूळ कलमात शब्द घालावे लागतील.

मी मागणीत जो मजकूर घालते तो असा: *"कलम २७ — स्पष्टीकरण: शिस्त लावण्यासाठी, सुधारण्यासाठी किंवा शिक्षा म्हणून बालकास जाणूनबुजून वेदना देणे हे, त्यास पालकाची संमती असली तरी, या कलमाच्या अर्थाने बालकाच्या हिताचे कृत्य मानले जाणार नाही."* कलम तसंच राहतं, शस्त्रक्रियेचं संरक्षण तसंच राहतं. मागणीला आणखी दोन जोडा. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८२ मध्ये शारीरिक शिक्षा नावानिशी गुन्हा आहे, पण फक्त बालगृहांसारख्या संस्थांपुरता. तो शाळा, क्लास, वसतिगृह सगळीकडे लागू करा. आणि कलम ७५ मध्ये मुलाला 'अनावश्यक' वेदना होण्याचा संभव असला पाहिजे अशी अट आहे. शिस्तीसाठी दिलेली कोणतीही वेदना अनावश्यकच मानावी, असं तिथे स्पष्ट करा.

हे दिल्लीचं काम आहे असं सांगून आमदार हात झटकतील. फौजदारी कायदा घटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघंही कायदा करू शकतात; महाराष्ट्राचं विधिमंडळ राज्यापुरती दुरुस्ती करू शकतं, राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली की ती लागू होते. तेव्हा आमदारांकडे लक्षवेधी सूचना किंवा अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या सदस्याने स्वतः मांडलेलं) मागा, खासदारांकडेही अशासकीय विधेयक मागा. भारताने संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेला ११ डिसेंबर १९९२ रोजी मान्यता दिली आहे आणि तिच्या अनुच्छेद १९ ने मुलाला सर्व प्रकारच्या शारीरिक हिंसेपासून जपण्याचं बंधन सरकारवर आहे, हे निवेदनात पहिल्या परिच्छेदातच येऊ द्या.

निवेदन एका पानाचं ठेवा. सोबत तुमच्या शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडा, आणि ग्रामसभेचा मिळाला तर तोही. १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांत विषय घ्यायला ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) आधी लेखी अर्ज लागतो, आयत्या वेळी घेतलेल्या विषयाला वजन येत नाही. अधिवेशनाच्या तारखा जाहीर होण्याआधी मतदारसंघातल्या कार्यालयात स्वतः नेऊन द्या, प्रश्न आणि सूचना देण्याची मुदत अधिवेशनाच्या बरीच आधी सुरू होते. स्वीय सहायकाकडून पोच घ्या, आणि हिवाळी अधिवेशनात काही झालं नाही तर तेच निवेदन, जुन्या पोचेची प्रत लावून, अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी पुन्हा द्या.